बॅनरवरची पाहुणी

मु. साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली
तुळशीचं लग्न लागलं त्याचा दुसरा दिवस

माझे बालमित्र आणि एके काळी अख्ख्या साखऱ्याचे पायजमे ज्यांच्या हाताखालून गेले ते खाजा मिया टेलर, हल्ली मुक्काम नांदेड, यांना दगडोबाचा रामराम आणि सलाम. दोन्ही ठेवून घे, जागा लागत नाही. तुझा गुडघा कसा आहे? नजमुन्निसा भाभींनी साखर खरंच सोडली की फक्त तुझ्यासमोर सोडली? तुझ्या अफरोजच्या दुकानात शाळांच्या युनिफॉर्मचं काम जोरात असेल. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. मला खोकला आहे, पण तो गिरणीतल्या पिठाचा आहे, माझा नाही. फोन सोडून पत्र काहून, असं तू म्हणशील. अरे, कानाला यंत्र लावायचं नाही असा हट्ट धरून तू बसलास, त्यामुळे फोन तुझी सून गुलनाज घेते. लेकरू गुणाचं आहे, पण मी दहा मिनिटं छाती फुगवून सांगितलेलं ती तुला दोन वाक्यांत पोचवते, आणि पलीकडून तुझं नुसतं 'अच्छा' ऐकू येतं. यावेळची गोष्ट 'अच्छा'वर भागणारी नाही, म्हणून चार कागद घेऊन बसलो आहे.

तर बातमी अशी. आपली आरोही (शिवशंकरची थोरली, आता दहावीत आहे, तिच्या बारशाला कुंची तूच शिवली होतीस) गोळाफेकीत विभागात पहिली आली. तीन जिल्ह्यांच्या पोरी होत्या, पायात चांगले बूट घातलेल्या, आणि त्या सगळ्यांच्या पुढे आपली साखऱ्याची पोरगी. गोळा म्हणजे तीन किलोचं लोखंड. ते मानेला लावायचं, वाकायचं आणि अंगातलं सगळं बळ खांद्यात आणून ढकलायचं. (ढकलायचं, फेकायचं नाही. मीसुद्धा दोन वर्षं फेकायचंच म्हणत होतो. विजयकुमार सरांनी, म्हणजे तिच्या शाळेतल्या खेळाच्या सरांनी, मला सुधारलं. आता गिरणीवर येणाऱ्या प्रत्येकाला मी सुधारतो, त्याला विचारायचं असो नसो.) हे खांदे कुठून आले ते तुला सांगायला नको. माझी आई मनकर्णा ज्वारीचं पोतं डोक्यावर घेऊन ओढा ओलांडायची आणि काखेत मी असायचो, तेही लाथा झाडत. ते खांदे माझ्याकडे आले नाहीत, शिवशंकरकडे आले नाहीत, दोन पिढ्या वाट चुकले आणि थेट आरोहीवर येऊन बसले. मला त्याचा केवढा अभिमान आहे हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं, ही माझी चूक. सांगायची गरज असते हेच मला माहीत नव्हतं.

कारण इथंच घोडं पेंड खात होतं. जिंकल्याचा तिचा फोटो शाळेच्या ग्रुपवर गेला. घामानं निथळलेली, बाह्या वर केलेली, हातात गोळा. खाली शंभर अंगठे आले, आणि कुणीतरी लिहिलं, 'हा दादा कोण?' (कोण ते अजून कळलं नाही. कळेल त्या दिवशी माझ्या गिरणीत त्याच्या घरचं दळण बंद.) त्यावर हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. त्या दिवसापासून आमची पोरगी बदलली. तीन भाकरी खाऊन ताट पुसणारी ती, अर्धी भाकर कुस्करून उठू लागली. आरशापुढं खांदे आवळून उभी राहायची. उन्हातसुद्धा ओढणी अशी गुंडाळायची की बघणाऱ्याला घाम फुटावा. सर म्हणाले, गोळा मीटरभर अलीकडे पडायला लागलाय. आणि एक दिवस जेवता जेवता म्हणाली, "मी राज्याला जाणार न्हाई. तिथं फोटो काढतेत." राज्याची स्पर्धा, मिया! आपल्या दोघांच्या आयुष्यात गावाबाहेर नाव गेलं ते फक्त शाळेतून पळालो म्हणून पोलीस पाटलानं शोधायला माणूस पाठवला तेव्हा, आणि ही पोरगी फोटोच्या भीतीनं राज्य सोडायला निघाली. मी ताटावरून उठून मोरीत गेलो आणि उगाच पाय धुतले. डोळ्यात पाणी आलं होतं, तुझ्यापासून काय लपवायचं.

फोटोला भिणारी ही पोरगी दिवसभर फोटोच काढायची, हे आणखी एक कोडं. रूपाबाईनं (तुझ्या वहिनीनं) शोध लावला. त्या मोबाईलमध्ये म्हणे एक गाळणी असते, फिल्टर म्हणतात. तिच्यातून माणूस गाळला की रंग, मुरुम, जाडी सगळं वर राहतं आणि खाली नुसतं गोरं गोरं उतरतं. पोरी एकमेकींना तसलेच फोटो पाठवतात आणि एकमेकींना छान म्हणतात. मी खवळलो आणि आरोहीला म्हणालो, दाखव तुझी गाळणी, लाव मला. तिनं लावली. मिया, माझ्या सुरकुत्या गेल्या, पापण्या गाईसारख्या झाल्या, आणि माझी मिशी, चाळीस वर्षं तेल पाजलेली, त्या यंत्रानं घाण समजून पुसून टाकली! मी तो फोटो रूपाबाईला नेऊन दाखवला. ती म्हणाली, "हा कोन मुडदा?" आरोही महिन्यात पहिल्यांदा खळखळून हसली. (तो फोटो मी मोबाईलमधून काढलेला नाही. अधूनमधून बघतो.)

आता माझा इलाज ऐक. मी ठरवलं, पोरीला लाज वाटते ना, मग तिचा असा डंका वाजवायचा की लाजेला उभं राहायला जागा उरू नये. एसटी थांब्यावर बारा बाय आठचं बॅनर आणि शाळेच्या मैदानावर सत्कार. तालुक्याच्या साहेबांना बोलावलं. बॅनरला फोटो पाहिजे म्हणून आरोहीकडे मागितला, तर ती पहिल्यांदा नाही म्हणाली, आणि मग रात्रीतून काय झालं कोण जाणे, सकाळी स्वतः आणून दिला. "ह्योच लावा आजोबा. दुसरा लावला तर मी येणार न्हाई." चष्मा गिरणीवर राहिला होता. गोळा हातात आहे एवढं पाहिलं आणि शिवशंकरच्या मोबाईलवरून सेनगावला धाडून दिला. बॅनर लागलं त्या दिवशी चष्मा लावून थांब्यावर गेलो. वर एक परकी पोर उभी! रंग मैद्याचा, नाक पेन्सिलीचं, खांदे तर असे की त्यावर ओढणी ठरू नये. मागचं लिंबाचं खोड तिच्या कमरेजवळ आत वाकलेलं. आणि गोळा, तीन किलोचं काळं लोखंड, तोही उजळला होता आणि लांबुळका होऊन कोंबडीच्या अंड्याएवढा राहिला होता. खाली मात्र ठसठशीत अक्षरात 'साखऱ्याची वाघीण' आणि माझं नाव.

गावात एकच गोंधळ. आपल्या गावातला संतराम एसटीतून उतरला आणि टोपी काढून दोन मिनिटं गप्प उभा राहिला. त्याला वाटलं कुण्या पाव्हण्याची लेक वारली. (त्याचंही बरोबर आहे. थांब्यावर एकट्या माणसाचं बॅनर म्हणजे एकतर वाढदिवस नाहीतर श्रद्धांजली, आणि पोरीच्या तोंडावर हसू नव्हतं.) दुसरी एक बाई मला विचारते, "तुमच्याकडं कोन पाव्हणी आलीया?" बॅनर उतरवावं असं मनात आलं, पण आरोही थांब्यावरून दोनदा चक्कर मारून आली होती आणि घरी येऊन गाणं गुणगुणत होती. माझा हात उचलेना.

सत्काराच्या दिवशी मैदानावर अर्धं गाव जमलं. सत्कारानंतर आरोहीनं गोळा टाकून दाखवायचा असं ठरलेलं. मी चुन्याच्या फक्कीनं आठ मीटरवर रेघ मारली आणि रेघेच्या पलीकडे साहेबांचा सोफा आणि मानकऱ्यांच्या खुर्च्या मांडल्या, जवळून दिसावं म्हणून. सर म्हणाले, "आजोबा, जवळ होऊन राहिलंय." मी म्हणालो, पोरगी अर्धी भाकर खाते, कुठवर जाणार. (हे वाक्य मी आयुष्यात पुन्हा कधी बोलणार नाही.) आरोही आली, पण ओढणी लपेटून मागे पाण्याच्या ड्रमजवळ उभी राहिली. तिची मैत्रीण निलम, बारीक अंगाची, गोरीशी, शालीचं ताट धरून पुढे. मी माईकवर साखऱ्याच्या वाघिणीचं नाव पुकारलं. साहेब उठले, एकदा बॅनरच्या छोट्या प्रतीकडे बघितलं (ती आम्ही सोफ्याच्या मागे लावली होती), एकदा समोर बघितलं, आणि शाल सरळ निलमच्या खांद्यावर घातली. नारळ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या! आमच्या गावाला टाळी वाजवायला सांगावं लागत नाही, कुठं थांबवावी तेवढं सांगावं लागतं. मी माईक धरून उभा, पट्टा तुटलेल्या गिरणीसारखा.

मागून आरोही चालत आली. चेहरा असा लाल की मला वाटलं आता ही रडत घरी पळणार, आणि मग राज्य काय, ती तालुक्यालासुद्धा पुन्हा जायची नाही. ती निलमजवळ थांबली, तिच्या हातातलं ताट खाली ठेवलं आणि साहेबांना म्हणाली, "साहेब, ती न्हाई. आरोही मी हाव." साहेबांनी बॅनरकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, परत बॅनरकडे. म्हणाले, फोटोत तर वेगळी दिसतेस. आणि पोरगी सगळ्या गावासमोर म्हणाली, "फोटो खोटा हाय. म्याच तसा केला व्हता." मग ओढणी काढून निलमकडे दिली, गोळा उचलला, वर्तुळात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "खुर्च्या मागं घ्या."

साहेब हसले आणि सोफा हातभर सरकवला. "अजून मागं." मानकरी कुरकुरले, पण उठले. पुन्हा हातभर. "अजून." ती गोळा मानेला लावून थांबलेली, दंडावरची शीर उभी, आणि ओढणी नसल्यामुळे ते खांदे साऱ्या गावाला उघड दिसत होते. माझ्या आईचे खांदे, मिया, पन्नास वर्षांनी! कुणी हसलं नाही. मानकऱ्यांनी सोफा उचलून पार लिंबाखाली नेला. मग ती वाकली, वळली, आणि असा आवाज काढला की शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. गोळा रेघ सोडून, पहिल्या जागचा सोफा सोडून, दुसऱ्याही जागेच्या पुढे जाऊन धप्पकन रुतला. सरांनी टेप लावला. अकरा मीटर वीस. तिच्या सगळ्यात चांगल्या टाकण्याहून अर्धा मीटर कमी. तिनं घामानं भिजलेल्या बाहीनं तोंड पुसलं आणि सरांना म्हणाली, "भाकर कमी पडली." त्या दिवशी घरी तिनं साडेतीन खाल्ल्या आणि रूपाबाईला पीठ पुन्हा मळावं लागलं. राज्याला जाणार का, हे मी विचारलंच नाही. विचारायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे गोळा घेऊन ती मैदानावर गेली तेव्हा कळलं.

बॅनर उतरवलं. सध्या ते उलटं करून सोयाबीनच्या पोत्यांवर टाकलं आहे. निलमची शाल तिच्याकडेच राहू दिली, बिचारीनं भोगलं ते कमी नाही. साहेब जाताना मला म्हणाले, आजोबा, पुढच्या वेळी आधी पोरगी दाखवा, मग फोटो. मी म्हणालो, पुढच्या वेळी तुम्हीच आधी सोफा लांब मांडा. मी आता गावात छाती काढून फिरतो आहे, आणि कुणी काही विचारलं नाही तरी थांबून सांगतो. खड्डा अजून मैदानात आहे, आलास की दाखवीन. भाभींना, अफरोजला आणि गुलनाजला आठवण सांग.

तुझा,
दगडोबा

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचंच राहिलं. राज्याची स्पर्धा पंधरा दिवसांवर आली आहे. शाळेनं दिलेला टी-शर्ट काखेत काचतो, हात वर गेला की शिवण बोलते. बाजारात मिळतात ते पोरींचे आखूड पडतात आणि पोरांचे अंगावर लोंबतात. तर एक ट्रॅकसूट आणि दोन टी-शर्ट तू स्वतः शिव, कारागिराकडे देऊ नको. कापड घाम पिणारं घे. माप मी माझ्या हातानं दोरीनं घेतलं आहे. खांदा पंधरा इंच.

आणखी एक. दोरी जुनी आहे, ताणली जाते, तेव्हा शिवताना थोडं सैलच धर. आणि दुकानात चार लोक बसलेले असतात, पोरीचं माप मोठ्यानं वाचू नको. तू समजदार आहेस.

खाजा आजोबांना आरोहीचा सलाम. आजोबांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं म्हणून मी पत्र वाचलं. दोरी नवीन होती. आजोबांनी बराबर मोजलं, फक्त लिहिताना त्यांचा हात आखडला. मी निलमकडून टेपनं दोनदा मोजून घेतलं. खांदा साडेसतरा इंच आहे. साडेसतराच शिवा, आणि दुकानात मोठ्यानंच वाचा.