फळ्यावरचं अठरावं नाव

नाशिक, ३१ जानेवारी २००३

ती. मंजूताईस,

महेशचा साष्टांग नमस्कार (या खेपेला पूर्ण लोटांगण समज). दाजींची पाठ आता कशी आहे? छोटीला दात आले का? ओझरला थंडी आमच्याहून जास्त, तेव्हा तिला जपा. मी ठीक आहे. म्हणजे अंगाने ठीक आहे.

कॉलेजच्या सेवा योजनेत मी नाव घातलं, हे आईने तुला कौतुकाने कळवलं असेलच. (त्याचे दहा गुण जास्तीचे मिळतात, हे कळवलं नसेल.) मंगळवारी मला पंचवटीतल्या एका शाळेत पाचवीच्या वर्गावर पाठवलं. विषय, 'कुणाला चिडवू नये, त्रास देऊ नये'. आरशासमोर तीनदा म्हटलेलं भाषण वर्गात चार मिनिटांत संपलं. पुढे अख्खा तास, आणि बावन्न पोरं माझ्या तोंडाकडे बघतायत. तेव्हा मला कल्पना सुचली (इथेच कुणीतरी मला दंडाला धरून बाहेर न्यायला हवं होतं). म्हटलं, तुम्हाला ज्या नावांनी चिडवतात ती सांगा, मी फळ्यावर लिहितो, म्हणजे किती वाईट दिसतं ते कळेल. दिसलं मात्र फारच छान. पोरं स्वतःची सोडून एकमेकांची नावं ओरडू लागली. बटाटा, ढब्बू, तिरळ्या. दुसरीत विसरून गेलेली नावंसुद्धा उकरून निघाली, आणि मागच्या बाकावर ती वहीत उतरवून घेणं चाललं होतं.

तिसऱ्या बाकावर पायल गप्प बसलेली. दिवाळीनंतर पेठ तालुक्यातून आलेली मुलगी. तिला विचारलं, तर म्हणाली, "मला काय नाय म्हणत." मी शहाणा! "म्हणत असतीलच काहीतरी, लाजू नकोस." तेवढ्यात मागून चंदर ओरडला, "मुकी लिहा सर! ती बोलतच नाय!" वर्ग खदखदून हसला. आणि ताई, हातात खडू होता, मी लिहिलं. अठरावं नाव.

मधल्या सुट्टीत सगळं मैदान तेच ओरडत होतं. फळा शिपाई कलाबाईंनी पुसला. "हे नाव काल नव्हतं, सर," एवढंच बोलल्या. पायल नळावर होती. मी माफी मागितली. तिने ओले हात फ्रॉकला पुसले आणि निघून गेली.

काल मी परत गेलो (कुणी पाठवलं नव्हतं). वर्गासमोर म्हणालो, चूक माझी, तिला नाव मी दिलं. आणि सांगितलं की लहानपणी मी बोलताना अडखळायचो, म्हणून मला अडकलेली 'कॅसेट' म्हणायचे. मग पायलने हात वर केला. "मंग तुम्ही बोलायचं सोडलं का?" मी म्हटलं, पुढच्या गुरुवारी सांगतो. वर्गाच्या बाईंनी शाबासकी देऊन चहा पाजला. तो मी अर्धाच टाकून निघालो.

छोटीला पापा.

तुझा,
महेश

ता. क. आईला यातलं काही सांगू नकोस.

आणखी एक ता. क. मी आयुष्यात कधी अडखळलो नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? अडखळायचीस तू. नाव मी ठेवलं, मे महिन्याच्या सुट्टीत, सगळ्या चुलत-मावस भावंडांसमोर. त्यानंतर तू सुट्टीला आमच्याकडे आली नाहीस आणि मीही कधी कारण विचारलं नाही. माफी मागायला अकरा वर्षं लागली, तीही पत्राच्या तळाशी. पायलच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, तुझ्याकडे आहे. रागाने लिहिलंस तरी चालेल. आणि ते वर्गात तुझं म्हणून सांगू की नको, तेही कळव.