शनिवारचा अंदाज

मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना
१२ सप्टेंबर २०२५

प्रिय अक्का,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. कानात मशीन घालून फोन घेतला की नुसती शिट्टी ऐकू येते, तेव्हा पत्रच बरं, असं तू लिहितेस. मलाही तेच बरं. अक्षर मोठं काढतो आहे. मिरजेत पाऊस थांबला का?

इथे सगळं ठीक. ऑफिस चालू आहे. यामिनी एडिसनलाच आहे, तिकडे काम जास्त आहे. आमची नेत्रा कॉलेजात, दुसरं वर्ष. इथून गाडीने तीन तास.

नेत्राचं वाजवणं सुटलं की चालू आहे, असं तू विचारलंस. चालू आहे. कॉलेजचा फुटबॉलचा संघ आहे आणि संघाचा मोठा बँड आहे. हा आपला फुटबॉल नव्हे. हे लोक चेंडू हातात घेऊन पळतात आणि एकमेकांवर कोसळतात. मध्यंतरात बँड मैदानावर उतरतो. दोन-अडीचशे मुलं चालता चालता वाजवतात आणि त्यांच्या चालण्यातून मैदानावर आकार तयार होतात. गेल्या वर्षी मी एकदा पाहायला गेलो होतो. नेत्रा कुठे आहे ते सापडेपर्यंत आकार मोडला.

यात माझंही एक काम आहे. दर शुक्रवारी संध्याकाळी मी तिला शनिवारचं हवामान कळवतो. तिचं क्लॅरिनेट लाकडी आहे. भिजलं तर लाकूड फुगतं, भेगा पडतात. पाऊस असेल तर तिने बँडचं प्लास्टिकचं घ्यायचं, नसेल तर स्वतःचं. तू एकदा लिहिलं होतंस, सतारमेकर गल्लीत पावसाळ्यात कोणी वाद्य दारात ठेवत नाही. तसंच हे.

काम दिसतं तितकं सोपं नाही. सामन्याची वेळ टीव्हीवाले ठरवतात. कधी भर दुपारी, कधी दिवे लागल्यावर. म्हणून तासातासाचा अंदाज बघावा लागतो. जवळपास वीज पडली तर अख्खं स्टेडियम रिकामं करतात आणि अर्धा तास थांबतात. पुन्हा पडली की पुन्हा अर्धा तास. हे सगळं मी चार ओळींत लिहितो. वारा कुठून, ऊन किती, पावसाची शक्यता किती टक्के. ती लिहिते, ‘थँक्स बाबा.’ कधी एखादी ओळ जास्त.

आधी हे यामिनी करायची. या मोसमापासून मी करतो.

इतर दिवशी फोन केला तर ती ‘बाबा, क्लासला चाललेय, नंतर करते’ म्हणते. नंतर राहून जातं. शुक्रवारी मात्र उत्तर येतंच. तेवढं एक आहे. म्हणून मी शुक्रवार चुकवत नाही.

चाळीस टक्के पाऊस म्हणजे नेमकं काय, अर्धवट पडतो का, असं तू विचारलं आहेस. मी सिद्धेशला विचारलं. हा नागपूरचा मुलगा माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो आणि नेत्राच्याच कॉलेजात शिकला आहे. तो म्हणाला, “प्रल्हादराव, चाळीस टक्के म्हणजे छत्री घ्यायची आणि बायकोला विचारायचं नाही.” यातून मला काही कळलं नाही. तुलाही कळणार नाही.

तब्येतीला जप.

तुझा
प्रल्हाद


मॉरिसव्हिल
११ ऑक्टोबर २०२५

प्रिय अक्का,

नमस्कार. चकल्या पाठवू नकोस. मागच्या वेळी चुरा पोचला होता. तो खाल्ला, पण तुझा टपालखर्च फुकट जातो. यामिनी दिवाळीला घरी येणार का, असं विचारलंस. नाही येणार.

एक गोष्ट घडली आहे. घडली म्हणावी की नाही, तेही कळत नाही. तुला क्रमाने सांगतो.

मागच्या शुक्रवारी मी नेत्राला नेहमीप्रमाणे हवामान पाठवलं. दुपारनंतर ढग, साडेचारच्या सुमाराला सरी, प्लास्टिकचं घे. रविवारी तिचा मेसेज आला. ‘थोडं भिजलो पण मजा आली. थँक्स बाबा.’ मला बरं वाटलं. अंदाज बरोबर आला की मला दोन दिवस बरं वाटतं.

सोमवारी ऑफिसात मी सिद्धेशला म्हणालो, “शनिवारी तुमचे लोक भिजले म्हणे.”

“कुठे?”

“गेमला.”

“कुठल्या गेमला? अहो प्रल्हादराव, परवा गेमच नव्हती. ओपन वीक होता.”

“म्हणजे?”

“म्हणजे सुट्टी. मधे एखादा शनिवार टीमला रेस्ट असतो. आणि यार, भिजले कसे? मी तिथेच होतो, दोस्तांकडे. थेंब नाही पडला.”

दर शनिवारी सामना असतो असं मी धरून चाललो होतो. वेळापत्रक कधी पाहिलंच नव्हतं, नुसतं आभाळ बघत होतो. सिद्धेश म्हणाला, निम्मे सामने दुसऱ्या राज्यांत असतात. सुरुवातीचे इथे होते म्हणून माझं निभावलं. तो हसत होता. मीही हसलो.

मग टेबलाशी बसून विचार करत राहिलो. पाऊस पडला नाही. सामना झाला नाही. आणि नेत्रा भिजली. माझ्या अंदाजाप्रमाणे भिजली.

घरी आलो आणि तिच्या खोलीत गेलो. एरवी जात नाही. कपाट उघडलं. खाली, हिवाळी बुटांच्या मागे, क्लॅरिनेटची काळी पेटी होती. उघडून पाहिलं. पाचही तुकडे आपापल्या जागी. म्हणजे ऑगस्टपासून ते इथेच होतं. दर शुक्रवारी मी खाली सोफ्यावर बसून ज्याला पावसापासून वाचवत होतो, ते वर बुटांमागे कोरडं पडलं होतं.

यामिनीला फोन केला. आम्ही फारसे फोन करत नाही.

मी म्हणालो, “नेत्राने बँड सोडला?”

ती म्हणाली, “ऑगस्टमध्येच.”

“तुला माहीत होतं?”

“हो. परवाच्या शनिवारी ती माझ्याकडे होती. एडिसनला.”

“मग मला का नाही सांगितलं?”

“तिने सांगू नको म्हटलं.”

“मी रागावलो असतो का? उलट मीच तिला म्हणत होतो, तिसऱ्या वर्षापासून अभ्यास वाढेल, बँड कमी कर.”

“रागाचं नाही रे. ती म्हणाली, बाबा शुक्रवारी पाठवतो ना. तेवढंच पाठवतो. बँड नाही म्हटलं तर काय पाठवेल?”

मी विचारलं, “सोडला कशासाठी?” ती म्हणाली, “ते तू तिला विचार.”

अक्का, मी विचारलेलं नाही. विचारलं तर मला कळलं आहे हे तिला कळेल. मग शुक्रवार संपेल. न विचारता पाठवत राहिलो, तर दोघेही एका नसलेल्या सामन्याचं हवामान बघत बसणार. काल शुक्रवार होता. मी पाठवलं. स्वच्छ ऊन, वारा हलका, स्वतःचं न्यायला हरकत नाही. तिचं उत्तर आलं, ‘परफेक्ट. थँक्स बाबा.’

मी ते पुष्कळदा वाचलं. खोटं कोण बोलतंय, ते मला ठरवता आलं नाही.

तुझा
प्रल्हाद


मॉरिसव्हिल
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय अक्का,

नमस्कार. तुझं छोटं पत्र मिळालं. एवढंच लिहिलं आहेस, ‘पोरीशी बोल आणि यामिनीचं खरं काय ते मला लिही.’

आधी दुसरं लिहितो. यामिनी कामासाठी एडिसनला गेलेली नाही. काम तिने तिथे गेल्यावर शोधलं. जूनमध्ये गेली. भांडण असं झालं नाही. झालं असतं तर तुला सांगता आलं असतं. एका संध्याकाळी ती म्हणाली, “या घरात मी आणि तू फक्त सूचना देतो. गाडीत पेट्रोल भर, कचरा बाहेर ठेव.” मी म्हणालो, “मग काय द्यायचं?” मी खरंच विचारत होतो. तिला तो टोमणा वाटला. परत येईल की नाही, माहीत नाही. तिलाही माहीत नसावं. तुझ्यापासून लपवायचं नव्हतं. एकदा लिहिलं की ते तसंच आहे असं होईल, म्हणून लिहिलं नाही.

नेत्राने बँड ऑगस्टमध्ये सोडला. यामिनी जूनमध्ये गेली. तू जोडशील. मी जोडायचा प्रयत्न केला, पण मधलं काही मला दिसत नाही.

आता पहिलं. मी तिच्याशी बोललो नाही. वेगळं काही केलं.

त्यानंतरही दर शुक्रवारी मी अंदाज पाठवत राहिलो. वेळापत्रक मिळवलं, सामना घरचा की बाहेरचा ते बघू लागलो, म्हणजे निदान माझ्या बाजूने चूक नको. हळूहळू माझ्या लक्षात आलं की ती माझ्यासाठी उत्तर देते. एकट्या माणसाला एखादं काम असावं म्हणून. दर शुक्रवारी ती आठवणीने भिजते किंवा भिजत नाही. वीस वर्षांच्या मुलीला हे ओझं कशाला? मग ठरवलं की आपणच थांबायचं. काही न बोलता. ती सुटेल.

परवाच्या शुक्रवारी पाठवलं नाही.

फोन स्वयंपाकघरात ठेवला आणि बाहेर पानं गोळा करायला गेलो. आत येऊन खिचडी टाकली. अंदाज मात्र पाहून ठेवला होता, सवयीने. तिच्याकडे चाळीस टक्के होता. तुझाच चाळीस टक्के. कुकरची शिट्टी झाली आणि फोन वाजला.

‘बाबा? उद्याचं वेदर?’

मी उभ्याने वाचलं. गॅस बंद केला. पुन्हा वाचलं. सामन्याला ती जाणार नव्हती. वाद्य माझ्या डोक्यावरच्या खोलीत होतं. मग हवामान कशाला हवं होतं तिला? मी दमलो असेन, आजारी असेन, अशी काळजी वाटली असेल का? की तिला खरंच हवं होतं? अजून कळलेलं नाही.

मी लिहिलं, ‘कुठलं?’

पाठवल्यावर लक्षात आलं की हा शब्द मी आजवर कधी लिहिला नव्हता. जागा नेहमी ठरलेली असायची, सामना असेल तिथली.

ती टाइप करते आहे असं फोनवर दिसायला लागलं. तीन ठिपके येतात. ते आले, गेले. पुन्हा आले. बराच वेळ काही नाही. मला वाटलं, संपलं. आपणच हाताने संपवलं.

मग आलं, ‘मॉरिसव्हिलचं. गुरुवारपासूनचं.’

गुरुवारी थँक्सगिव्हिंग आहे. इथे सगळे घरी जातात. मागच्या महिन्यात ती म्हणाली होती, की या वेळी आईकडे जाणार, इकडे बहुतेक जमणार नाही. मी काही विचारलं नाही. अंदाज पाहिला आणि लिहिला. गुरुवारी ऊन, सकाळी थंडी, जाड जाकीट आण. शुक्रवारी वारा. शनिवारचं अजून सांगता येत नाही, फार लांब आहे. तिने लिहिलं, ‘थँक्स बाबा.’

एवढंच झालं. मला कळलं आहे हे तिला कळलं का? सांगता येत नाही. ती येणार आहे, की नुसतं हवामान विचारलं? जाकीट आण असं मी लिहिलं आणि तिने नको म्हटलं नाही, एवढाच पुरावा आहे.

काल वाद्यांच्या दुकानात गेलो होतो. हिवाळ्यात घरात हीटर चालतो, हवा कोरडी होते आणि न वाजवलेलं लाकूड तडकतं, असं तिथला म्हातारा म्हणाला. पावसापेक्षा हे वाईट. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. अंदाजात ते नसतं. त्याने उपाय सांगितला. पेटीत संत्र्याची ताजी साल ठेवायची, चार दिवसांनी बदलायची.

आज सकाळी संत्रं सोललं. पेटी उघडली. तडा गेलेला नाही, मी खिडकीपाशी नेऊन नीट पाहिलं. सालीचे दोन तुकडे आत ठेवले. मग पेटी खाली आणून बैठकीत ठेवावी की कुठे, यात तास गेला. बैठकीत ठेवली तर तिला दारातच बोलावं लागेल. शेवटी होती तिथेच, बुटांच्या मागे ठेवली. तिने पेटी उघडली नाही, तर आपलं चाललं आहे तसं चालेल. उघडली, तर साल दिसेल.

गुरुवारी सकाळी साल बदलेन. संत्री आणून ठेवली आहेत. ती वर गेली की मी खाली स्वयंपाकघरात असेन. तू असतीस तर तुला विचारलं असतं, मी वर जायचं की खालीच थांबायचं. तुझं उत्तर पोचेपर्यंत गुरुवार होऊन गेलेला असेल.

तरी लिही.

तुझा
प्रल्हाद