जड तो चांगला

प्रिय पेइ-युन,

पत्रासोबतचं खोकं आधी उघड. त्यात नवा पॉवर सप्लाय आहे. जुन्या कॅबिनेटमधला काढून बाजूला ठेव आणि तो सॉकेटला लावू नकोस, गंमत म्हणूनसुद्धा नाही. परवा फोनवर मी ओरडलो तेव्हा तू हसलीस. "मामा, म्हातारा झालास रे, वायरला घाबरतोस!" हो बाई, घाबरतो. का, ते सांगायला तेव्हा तोंड उघडेना, म्हणून लिहायला बसलोय.

बाकी तुझी यादी झकास आहे. पंधरा हजारांत पहिला कॉम्प्युटर जुळवायचा म्हणजे कुठेतरी हात आखडावा लागणारच. मागच्या पिढीचा प्रोसेसर घेतलास ते बरं केलंस, वेगळ्या ग्राफिक कार्डाचा खर्च वाचला. रॅमची एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा दोन छोट्या घे. गेल्या महिन्यात चीलुंगला माझ्याकडे आलीस तेव्हा माळ्यावरून कॅबिनेटचं जे धूड ओढून नेलंस, त्यात पुढे पंखा बसायला जागाच नाही. मागे एक चांगला लाव. पत्र्याच्या कडा कापतात, बोटं सांभाळ. आणि सगळं झालं की वर शकुन म्हणून तो हिरव्या पुडीतला खाऊ ठेवशीलच, तुम्हा इंजिनीयर मंडळींचं त्याशिवाय मशीन चालत नाही. पुडी हिरवीच आण. पिवळी ठेवलीस तर रुसेल मेलं! तारीखही बघून घे.

इथवर सगळं ठीक होतं. मग तू म्हणालीस, "पॉवर सप्लायचे पैसे वाचवले मी. कॅबिनेटमध्ये आहे तो उचलून पाहिला, केवढा जड आहे! तूच शिकवलंस ना?" तेव्हाच मी ओरडलो. शिकवलं होतं खरं. तैपेईला पुलाखालच्या बाजारात माझा गाळा होता तेव्हा तू पाच-सहा वर्षांची, स्टुलावर बसून गिऱ्हाइकांना ठणकावून सांगायचीस, "काका, जड तो चांगला!" लोक हसायचे आणि जड तोच घ्यायचे. सगळा बाजार तसाच निवडायचा. लेबलावर काय वाट्टेल ते छापता येतं, पण आत तांबं-लोखंड भरपूर असेल तर हाताला कळतं. गिऱ्हाईक दोन हातांत दोन घेऊन तोलायचं आणि मी मान डोलवायचो.

त्या वर्षी धंदा पार बसला होता. मी स्वस्तातले, हलके पॉवर सप्लाय आणले, एकेकाचं झाकण उघडलं आणि आत लोखंडाची एकेक पट्टी चिकटवली. झाले जड. जास्त तापला की वीज तोडणारा भाग त्यांत नव्हताच, आणि तापला की गोंद सुटून पट्टी आतल्या तारांवर पडणार, हे मला कळत होतं. चाळीसेक विकले. त्यांचं पुढे काय झालं ते विचारायची हिंमत मला कधीच झाली नाही. एक माळ्यावर राहिला, तो आता तुझ्या खोलीत आहे, ताईच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, खोलीच्या भिंतीला लागून. आणि एक मी तुझ्या बाबांच्या कॉम्प्युटरमध्ये बसवून दिला होता, फुकट, मेहुण्याला भेट म्हणून, मोठ्या तोऱ्यात. तो कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत देव्हाऱ्याच्या टेबलाखाली असायचा. तुला आठवत नसेल.

आग लागली त्या सकाळी तू शाळेत होतीस आणि तुझी आजी आत झोपली होती. ताई पितरांपुढे उदबत्ती लावून भाजी आणायला गेली होती. आजी उठलीच नाही. देव्हाऱ्यापाशी सुरुवात झाली, असं बंबवाले म्हणाले. मग काय, तुझ्या आत्यांनी ताईला उभं-आडवं घेतलं. सुनेला साधी उदबत्ती लावता येत नाही म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी राख उपसायला गेलो. उदबत्तीचं भांडं उभंच होतं, काड्या मुळापर्यंत जळून सरळ राहिलेल्या. टेबलाखाली कॉम्प्युटरचा कोळसा झाला होता आणि त्यात माझी पट्टी. मी ती खिशात घातली. ताई मागेच उभी होती. "आ-काय," ती मला म्हणाली, "माझ्याच हातून तिरकी लागली असेल का रे?"

मी म्हणालो, "असेल, ताई."

चौदा वर्षं झाली. तुझी आई देव्हाऱ्यापुढे जात नाही. तिचा देवावर विश्वास नाही असं तुला सांगितलंय, ते खोटं आहे. तिला वाटतं, आपला हात अपशकुनी आहे. मी दोनदा तुमच्या जिन्यापर्यंत येऊन परत फिरलो, एवढा मी भेकड. तू तो सप्लाय जड आहे म्हणालीस ना, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की माझं गप्प राहणं आता तुम्हा दोघींना घेऊन जाईल. हे पत्र ताईला वाचून दाखव, सगळं, माझं "असेल, ताई" सुद्धा. शनिवारी दुपारी मी येतो आणि बेल वाजवतो. तिने दार उघडलं नाही, तर तू उघडू नकोस.

तुझाच,
मामा