डोंग्याखालची पाटी

बा, परवा भंडाऱ्यात तुझा डोंगा पाहिला. स्वातंत्र्यलढ्याचं नवीन संग्रहालय झालंय. बेड्या, बंदुका, पिवळी पडलेली पत्रकं पाहत मी शेवटच्या दालनात आले, तर दोरीच्या आड तो. ओळखायला वेळ लागला नाही. बुडाच्या भेगेवर तू मायची लग्नातली पितळी थाळी कापून ठिगळ ठोकलं होतंस, ते तसंच आहे. त्या थाळीपायी माय तुझ्याशी आठ दिवस बोलली नव्हती. आता ते ठिगळ कोणीतरी घासून लख्ख केलंय.

खाली पाटी आहे: ‘भूमिगत स्वातंत्र्यसैनिकांना पुरातून पार नेणारा डोंगा. मालगुजार घराण्याचा.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मालगुजाराचा, गावच्या त्या जमीनदाराचा! पोलीस मागावर असताना त्या तिघा भूमिगतांनी आधी त्याच्याच दाराची कडी वाजवली होती आणि त्याने आतून उघडली नव्हती, हे तूच सांगायचास. वैनगंगा दुथडी भरून चालली होती आणि डोंगा पाण्यात घातलास तू. परत आलास तेव्हा घाटावर पोलिसांनी तुला झोडपलं, नावं विचारली. तुला ती ठाऊकच नव्हती. पाण्यावर असताना उतारूला नाव विचारायचं नाही, ही आपल्या लोकांची जुनी रीत. नाव ऐकलं की नदी त्या माणसाला ओळखून ठेवते म्हणे. त्या रीतीने तिघेही वाचले. तुझा डावा हात मात्र पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. अड्याळच्या बाजारात मासळीची टोपली मग मायच उचलायची.

आणि राग एकट्या पाटीचा नाही, तुझाही आहे. मी मॅट्रिकला असताना स्वातंत्र्यसैनिकांची यादी करायला साहेब गावात आले. तू अंगणात बसून जाळं दुरुस्त करतो आहेस, साहेब खाटेवर, मी दारात उभी. त्यांनी विचारलं, ‘कोणाला पार नेलंत? नावं सांगा.’ तू हसून म्हणालास, ‘मले काय मालूम जी, कोन होते ते? पान्यावर नाव नाही पुसत आमी.’ साहेबांनी फाईल मिटली. ते गेल्यावर मी तुझ्यावर किती ओरडले! मालगुजाराचं नाव यादीत लागलं, तुझं काहून नाही? तू सुतळी दातात धरून म्हणालास, ‘मानसं पार झाली ना? मंग कायले बोंबलून राहिली?’ अशा भोळेपणाला काय जाळायचंय, बा? आयत्या बिळावर नागोबा येऊन बसला आणि तू त्याला बीळ झाडून दिलंस!

मी दोरीवरून वाकून ठिगळाला हात लावला. पहारेकरी धावत आला. ‘मावशी, हात नोका लावू.’

‘माझ्या बापाचा आहे,’ मी जोरात म्हणाले. लोक वळून पाहायला लागले, पाहू दे.

तो पोरगा भला निघाला. आतून छापील कागद घेऊन आला. ‘मंग अर्ज द्या ना मावशी. साहेब पाटी बदलतीन. आमाले तं जे सांगतलं तेच लिवलं आमी.’

तिथेच बाकावर बसून मी तुझं नाव लिहिलं, चांगलं ठळक. ठिगळाची खूण लिहिली. मग पुढचा प्रश्न आला: वस्तू तुमच्या कुटुंबाकडून कशी गेली? तिथे पेन थांबलं. ‘घरून भरून आणते,’ असं सांगून निघाले.

त्याच अर्जाच्या पाठीमागे हे लिहिते आहे, म्हणजे आता तो देताही येणार नाही. तू गेल्यावर डोंगा गावच्या तळ्याच्या पाळीवर पालथा पडला होता, जिथे तू शेवटी मासे धरायचास. मी तेव्हा गावच्या शाळेची मुख्याध्यापिका झाले होते, मासळीचा वास मागे टाकून. मालगुजाराचा शहरात वाढलेला नातू जुन्या वस्तू शोधत आला. माझ्या शाळेचे सगळे शिक्षक सोबत उभे होते. त्याने अदबीने मलाच विचारलं, ‘बाई, हा डोंगा कोणाचा?’

मी म्हणाले, ‘कोणाचा नाही. असाच पडलाय, न्या.’