सायकलवाल्यांची चूल

आये, तू फोडलेली चूल परत बांधली. त्याच जागी, खिडकीखाली, मागच्या भिंतीला धरून. काकीनेच माती मळली, तिनेच लिंपली. मी दारात उभी राहून बघत होते.

तुला जाऊन बारा वर्षं होत आली, मी हल्ली काय करते ते तुला कुठून कळणार? तळेगावच्या कारखान्यातली नोकरी सुटल्यावर मी सायकलच्या टूरवर लागले. दर रविवारी पुण्या-मुंबईची माणसं येतात, तळेगाव स्टेशनापाशी त्यांना सायकली देतो, आणि मी पुढे राहून त्यांना मावळ दाखवते. आधी इंदुरीचा किल्ला, मग इंद्रायणीच्या काठाकाठाने लहान रस्त्यांनी, भातखाचरांमधून, वाटेत एखादं जुनं देऊळ, एखादी वीरगळ, आणि दुपारी जेवायला आपलं घर. हो, आपलंच. ही मालकाची कल्पना. मालक पुण्याचा, चाळिशीचा, बोलायला गोड. एकदा फ्रान्सला जाऊन सायकलवरून तिथली खेडी फिरून आला. शांत रस्ते, दगडी चर्च, द्राक्षांचे मळे आणि दुपारी कुणा शेतकरणीच्या स्वयंपाकघरात जेवण. तेव्हापासून त्याचं एकच पालुपद, "आपल्या मावळात काय कमी आहे?" कमी काही नव्हतं, त्याच्या मते जास्तच होतं. म्हणून तो आपल्या घरातून एकेक गोष्ट काढायला लागला. निळं पिंप परसात गेलं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या माळ्यावर गेल्या. फ्रीजवर गोधडी पडली. पाहुणे जेवायला बसले की शेजारची पिठाची गिरणी बंद ठेवायची, कारण खेडं शांत हवं. काका गेल्यापासून तुझी धाकटी जाऊ त्या घरात एकटीच असते, दिवसभर गाऊनवर वावरते. तिला नऊवारी आणून दिली. काकीने जन्मात नऊवारी नेसली नव्हती, शेजारणीकडून शिकावी लागली. आणि हार घातलेला तुझा फोटो समोरच्या भिंतीवरून आतल्या खोलीत नेला, का तर जेवताना पाहुण्यांना उदास वाटतं. मालकाने नुसतं सांगितलं. खिळ्यावरून काढला तो मीच.

आणि सगळ्यात शेवटी चूल. तू ती फोडलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. मी नववीत आहे. दुपारी गॅसची गाडी येते, माणूस शेगडी जोडून देऊन जातो. तू तिच्यावर पहिला चहा करतेस, उभ्यानेच पितेस, कप विसळून पालथा घालतेस आणि गोठ्यातून पहार घेऊन येतेस. आजी ओरडते, "अगं, लक्षुमी हाय ती, फोडू नगं!" तू म्हणतेस, "लक्षुमी आसंल तर जाईल दुसऱ्याच्या घरी. माज्या डोळ्यांची माती केली हिनं." आणि घाव घालतेस. आतली माती भाजून लालकाळी झालेली. तू ती पाटीत भरून उकिरड्यावर टाकतेस, मग भर दुपारी डोक्यावरून अंघोळ करतेस आणि ओल्या केसांनी ओट्यापाशी उभी राहून उगाचच शेगडी लावून बघतेस, बंद करतेस, परत लावतेस. तुला इतकं खूश मी नंतर माझ्या लग्नातसुद्धा पाहिलं नाही. पण उशीर झाला होता. खोकला काही गेला नाही. पुढे मी कारखान्यात लागल्यावर तळेगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "बाई, विडी ओढता का?" तू हसलीस. म्हणालीस, "मी न्हाई वढत. चूल वढायची, मी निस्ती तिच्या म्होरं बसायची." डॉक्टर हसले नाहीत. त्यानंतरचा तुझा पावसाळा कसा गेला ते मी इथं लिहिणार नाही.

आता मागच्या महिन्यातली गोष्ट सांगते. त्या रविवारी एक नवरा-बायको आले होते. दोघंही फ्रान्समध्ये सायकलवर हिंडून आलेले, त्यामुळे मालकाने मला आधीच बजावलं होतं की पाहुणे खास आहेत. वाटभर बाईंचं चालू होतं. तिकडे चढ असे होते, तिकडे पाव असा होता, तिकडची म्हातारी माणसं कशी हात हलवायची. इंदुरीच्या किल्ल्याच्या दरवाजात त्या म्हणाल्या, "छान आहे, पण जरा झाडलोट हवी होती." यात खोटं काही नव्हतं, तिथं कुणीतरी बाटल्या फोडून ठेवल्याच होत्या, आणि तेही बघून मला किळस आली होती. दुपारी घरी पोचलो. काकी चुलीपुढे बसलेली. बाईंनी मोबाइल काढला आणि म्हणाल्या, "मावशी, फुंकणीने फुंका ना जरा." काकीने फुंकलं. "परत एकदा? धूर नीट आला नाही." काकीने परत फुंकलं. या खेपेला धुराचा असा लोट उठला की मला खिडकी दिसेना. मी पुढे होऊन चुलीत पाहिलं, तर ओलं लाकूड. काकी खोकत खोकत म्हणाली, "सायबांनीच फोनवर सांगितलं, जरा वलं घाला म्हनं, धूर फोटूत बरा दिसतो." तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. बाई मोबाइल तसाच धरून हळूच नवऱ्याला म्हणाल्या, "बघ ना, किती इमोशनल झाल्यात."

मी हंड्यात तांब्या बुडवला आणि चुलीत ओतला. फस्सकन राख उडाली, बाईंच्या पांढऱ्या बुटांवर पडली. मी कोपऱ्यातलं पोतं ओढलं, खाली झाकून ठेवलेली गॅसची शेगडी पेटवली आणि तवा तिच्यावर ठेवला. नवरा म्हणाला, "अहो, हे काय? आम्ही घरी गॅसवर रोजच खातो." मग मात्र मला राहवलं नाही. म्हटलं, "ज्या बाईची ही चूल होती ना, तिने ती पहारीने फोडली होती. तरी हिच्या धुरानंच गेली. माझी आई होती ती." बाईंनी मोबाइल खाली केला. मला वाटलं, समजलं असावं. मग बाईंनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ओह माय गॉड, किती सुंदर स्टोरी आहे! ही तुम्ही आधी का नाही सांगत? परत बोलाल का, मी रेकॉर्ड करते?"

आये, तवा शेगडीवर तसाच सोडून मी परसात आले. माझ्यामागोमाग काकी आली, पदराने डोळे पुसत, आणि मला वाटलं आता माझ्या खांद्यावर हात ठेवील. ती म्हणाली, "तू कोन गं माजी चूल इझवनारी?"

"काकी, तुमच्या डोळ्यांत..."

"माज्याच डोळ्यांत ना? तुज्या न्हाई ना? तुजी आय गेली ते मी बी बघितलंय. तिच्या उशाला मी बसलेती, तू तवा शिफ्टला असायचीस. पर सोमवार ते शनिवार ह्या घरात कोन येतं, सांग की. ऐतवारी चार मान्सं येत्यात, जेवत्यात, मावशी मावशी करत्यात. येडी हायत, पर येत्यात. ती बी घालव आता."

ती आत गेली, ओली राख तिनं हातानं काढली, सुकी काटकी घालून चूल पेटवली आणि पाहुण्यांना जेवायला वाढलं.

दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन आला. मला वाटलं, संपलं. तर म्हणतो, "ताई, कमाल केलीत! पाणी ओतलंत ते जरा जास्त झालं, पण आईंची ती पहारीची गोष्ट! दर टूरला सांगत जा. जेवायच्या आधी, चुलीपाशी बसून." मग विचारतो, "ती पहार आहे का हो अजून घरात?" मी म्हटलं, "आहे. परत विचारलंत तर तिचा उपयोग करून दाखवीन." तो हसला. त्याला ती थट्टा वाटली. त्या हसण्याची अजून शिसारी येते मला. मग मी न हसता सांगितलं की गोष्ट मी सांगणार नाही, ओलं लाकूड चुलीत जाणार नाही, फुंकताना कुणी मोबाइल धरणार नाही, आणि आईचा फोटो परत भिंतीवर लागेल. नसेल पटत तर दुसरी बाई बघा. तो सगळ्याला "ओके, ओके" म्हणाला, जसा एखाद्या हट्टी पोरीला म्हणावा. वाटा माहीत असलेली दुसरी बाई त्याच्याकडे नाही, एवढंच त्याचं कारण.

तर तुझा फोटो आता जागेवर आहे. पाहुणे विचारतात, या कोण? मी म्हणते, माझी आई, आणि भात वाढते. काकी माझ्याशी कामापुरतं बोलते. नऊवारी तिला आवडायला लागलीय, आता कधीमधी बुधवारी-गुरुवारीही नेसते म्हणे, आणि मला त्याचाही राग येतो. चूल आहे. मी ती फोडली नाही.

तुला वाचता येत नव्हतं. घरात कागद आला की मीच तुझ्यापुढे बसून वाचून दाखवायची. हा पाठवता आला असता तर तोही मलाच वाचावा लागला असता, आणि हे पुढचं मी गाळलं असतं. त्या रविवारी निघताना काकीने रागारागानं एक तांदळाची भाकरी फडक्यात गुंडाळून माझ्या हातात कोंबली, चुलीवरची, एका बाजूनं करपलेली. पाहुणे पुढे गेले तेव्हा मी नदीकाठी सायकल टेकवली आणि ती कोरडीच खाल्ली, अख्खी, बोटं चाटून. तुझ्या गॅसवरची भाकरी मला कधीच आवडली नव्हती, आये.