पंख्याभोवतीचा कोरा कागद

नांदेड, ३ नोव्हेंबर २०२५

चि. नागसेन यास,
सप्रेम जयभीम. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र.

योशिदा डॉक्टरांची मुलगी मिचिको सोळा तारखेला निलंग्याला आपल्या घरी येते आहे. भूकंपानंतर किल्लारीच्या छावणीत आईच्या हातची भाकरी खाणारे जपानी डॉक्टर ते हेच. गेल्या वर्षी वारले. पुरात त्यांचं घर गेलेलं, त्यामुळे बापाच्या हातची एक ओळही तिच्याजवळ नाही. निघताना त्यांनी आईला चौकोनी कागदावर लाकडी ठशानं छापलेलं हातपंख्याच्या आकाराचं चित्र दिलं होतं, तळं, पूल आणि बर्फाचा डोंगर. त्याच्या खालच्या कोऱ्या जागेत पेन्सिलीनं चार ओळी लिहिल्या होत्या. तेवढंच पाहायला ती येते आहे.

फोटो पाठव म्हणून दहादा सांगून मी थकले. निदान आता ते ट्रंकेतून काढून नीट ठेव.

रागावले तरी बहीणच आहे, माया असू दे.
तुझी,
विशाखाताई

निलंगा, ७ नोव्हेंबर

ती. ताईस,
सविनय जयभीम. आईचा गुडघा बरा आहे.

पाहुणी येणार हे आईनं तुझं पत्र येण्याआधीच सांगितलं होतं. एवढ्या लांबून येणारीला ट्रंकेतला चुरगळलेला कागद कसा दाखवायचा, म्हणून मी तेव्हाच चित्र फ्रेमवाल्याकडे नेलं. पंख्याभोवतीचा कागद पिवळा पडला होता. तो कापून मागं सोनेरी कागद लावायला मीच सांगितलं. अक्षर इतकं फिकट होतं की मला डाग वाटले. तुझं पत्र आल्यावर दुकानात दोनदा गेलो. कचरा केव्हाच गेला होता.

ताई, वाळवीनं खाल्लं असं सांगू का?

धाकट्याला पदरात घे.
नागसेन

नांदेड, १० नोव्हेंबर

चि. नागसेन,
जयभीम. तुझं पत्र मधल्या सुट्टीत वाचलं आणि पुढच्या तासाला पोरांवर उगाच ओरडले. सोनेरी कागद! कुणाच्या लग्नाचा फोटो आहे का तो?

वाळवीचं नाव काढू नकोस. शाळेची तपासणी असल्यानं मला येता येत नाही, नाहीतर तुझा कान धरून तिच्यासमोर उभं केलं असतं. मी कापलं, असं तूच तिला सांगायचं. लहानपणापासून तू माझ्या नाहीतर आईच्या आड लपत आलास. मला आता त्याचा वीट आला आहे.

हे केलंस की मग लोभ माग.
विशाखाताई

निलंगा, १७ नोव्हेंबर

ती. ताईस,
जयभीम. मिचिको येऊन गेली.

फ्रेम हातात घेऊन तिनं आधी खालची कड पाहिली, मग उलटी करून मागची बाजू पाहिली. आई तिला म्हणाली की हितंच लिव्हलं होतं बाई, लई बारीक अक्षर होतं, आणि काचेवरून बोट फिरवू लागली. मिचिकोनं आईच्या बोटामागून आपलं बोट फिरवलं. मला तिथं उभं राहवेना.

निघताना मी तिला सगळं सांगितलं. मीच कापलं, मला अक्कल नव्हती, माफ करा, सगळं. पण मराठीत. तिला वाटलं, मी तिच्या वडिलांबद्दल काही चांगलं बोलतो आहे. तिनं माझे दोन्ही हात कपाळाला लावले आणि थँक्यू म्हणाली.

तिच्या ड्रायव्हरला इंग्रजी येत होतं. तो अंगणात पाणी पीत उभा होता. मी त्याला हाक मारली नाही.

लोभ मागायला तोंड नाही.
नागसेन