खिळ्यावरचे पाइप

टेकानार, ता. एटापल्ली
११ एप्रिल २०२४

ती. लटारूभाऊंस,
धनराजचा सा. न. वि. वि.

इथल्या टॉवरवर वीज पडली तेव्हापासून फोन मुका आहे. म्हणून हे पत्र एसटीच्या अंकुश ड्रायव्हरजवळ देतो. तो भद्रावतीला तुमच्या क्वार्टरपर्यंत पोचवण्याची व्यवस्था करतो म्हणाला.

आनंदाची बातमी ही की दुर्गाला सातवा महिना लागला आहे. तारीख जुलैच्या मध्याची. म्हणजे ऐन पावसात, आणि तिथेच माझा जीव अडकला आहे. तिची बहीण बुधरी गेल्या श्रावणात बाळंतपणाला जाताना माझ्याच जीपमध्ये होती, हे तुम्हाला ठाऊक आहे. नाल्यातल्या दगडावर गाडीचं पोट टेकलं आणि तीन तास हलली नाही. बाळ तिथेच गेलं. बुधरी मला अजून भाऊजी म्हणते, पण जीपकडे बघत नाही.

गडचिरोलीला एका वनरक्षकाच्या गाडीला चाकं धरणारे लोखंडी आर्म लांब बसवलेले पाहिले. गाडी चांगली वीतभर उचललेली, एक चाक दगडावर चढलं तरी बाकीची जमीन सोडत नाहीत. माझ्या जीपला तसं करता येईल का? तुम्ही नाही म्हणालात तर नागपूरला नेतो. दुर्गाने नमस्कार सांगितला आहे. वहिनींना माझा सांगावा आणि उत्तर लवकर द्यावं.

तुमचा,
धनराज

भद्रावती
१९ एप्रिल

चि. धनराजास अ. उ. आ.

तुझं पत्र तुझ्या वहिनीने वाचून दाखवलं आणि बातमी ऐकून मी मोठा बाबा होणार म्हणून लगेच पेढे मागवले. पण पुढचं ऐकून राग आला. पस्तीस वर्षं फिटर म्हणून काढलेला भाऊ बसला आहे इथे, आणि तू नागपूरची भाषा करतोस!

स्प्रिंगखाली नुसते ठोकळे ठेवून गाडी उंच करणारे पुष्कळ आहेत. तसं केलं की आखूड आर्म तिरपे होतात आणि दगडाचा दणका सरळ बसणाऱ्याच्या कमरेत जातो. गरोदर बाईला ते चालणार नाही. लांब आर्म जवळजवळ सपाट राहतात, त्यामुळे चाक खाली वर होतं आणि माणूस जागच्या जागी राहतो. पाइप मी निवडीन, वेल्डिंग माझ्यासमोर होईल, एकेक बोल्ट मी स्वतः आवळीन. मेच्या पहिल्या आठवड्यात गाडी घेऊन ये.

तुझी वहिनी म्हणते, आता हातात पाना घेऊ नका. ती काहीही म्हणते, तू लक्ष देऊ नको. अक्षर वाकडं आलं असेल तर पेनाचा दोष समज. दुर्गाला जपावं, तिला जड उचलू देऊ नको. तुमच्यावरची माया आहेच, ती सांगायला नको.

तुझा भाऊ,
लटारू

टेकानार
२५ जून

ती. लटारूभाऊंस,
धनराजचा सा. न. वि. वि.

गाडीने गावात तुमचं नाव केलं आहे. मृगाचा पाऊस आला, नाला वाहू लागला, तरी ज्या दगडावर मागच्या वर्षी अडकलो त्यावरून ती तरंगत गेल्यासारखी गेली. मी मागे वळून पुन्हा एकदा तो दगड ओलांडला, कारण नसताना.

आता तक्रार. बायांचे पाय वर पोचत नाहीत. म्हातारी झिंगूबाई दोनदा प्रयत्न करून घरी गेली. शेवटी तिनेच तिचं जुनं लाकडी उखळ पाठवलं. ते उलटं ठेवायचं, त्यावर पाय द्यायचा आणि मग चढायचं. आता उखळ गाडीतच असतं. दुर्गा म्हणते, भाऊजींनी गाडीचे पाय वाढवले, आमचे वाढवायचे काऊन विसरले?

तुम्ही सांगितल्याप्रमाणे आर्मच्या टोकांच्या रबराचे बोल्ट गाडीत पुरा भार असतानाच आवळले. त्यासाठी अकरा माणसं तासभर जीपमध्ये बसवली. लोकांना वाटलं कुठेतरी जायचं आहे, दोघे तर शिदोरी घेऊन आले होते. बुधरी मात्र बसली नाही.

नाल्याचा काठ पलीकडून कापत चालला आहे, तेवढी एक काळजी. तारखेच्या आठवडाभर आधीच दुर्गाला एटापल्लीला नेऊन ठेवीन म्हणतो. तुमचा हात पाठीवर आहे म्हणून धीर आहे.

तुमचा,
धनराज

भद्रावती
७ जुलै

धनराज,

आशीर्वाद नंतर. हे पत्र हातात पडेल त्या क्षणापासून गाडी हलवू नको.

तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. माझ्या उजव्या डोळ्यात दीड वर्षापासून मोतीबिंदू होता आणि डावाही अंधुक झाला होता. गाडीचं काम झालं की ऑपरेशन करीन, असं सांगून मी तुझ्या वहिनीला गप्प बसवलं. तुला कळलं असतं तर तू गाडी दुसऱ्याकडे नेली असतीस, आणि मला ते सहन झालं नसतं. परवा ऑपरेशन झालं. काल पट्टी काढल्यावर मागच्या शेडमध्ये गेलो, तर ब्रेकचे पुढचे दोन नवे लांब पाइप खिळ्याला टांगलेले. विसरू नये म्हणून डोळ्यासमोर मीच टांगले होते. म्हणजे तुझ्या गाडीला जुने आखूडच आहेत. हात फिरवून बघितले होते, घट्ट लागले, वाटलं नवेच आहेत.

सपाट रस्त्यावर तुला काही कळणार नाही. पण आता आर्म लांब आहेत, चाक पूर्वीपेक्षा खूप खाली लोंबतं. एखाद्या खड्ड्यात ते पूर्ण लोंबलं की पाइप ताणून तुटेल आणि ब्रेक जाईल.

फोन शंभरदा लावला. सकाळी तुझ्या वहिनीला न सांगता स्टँडवर गेलो, तर पुरामुळे आलापल्लीच्या पुढे एसटी बंद. अंकुश तिथे भेटला, त्याच्या हातीच हे देतो. दुर्गाला खाटेवर घालून न्या, पण त्या गाडीत नको. माझ्या हाताने हे झालं, धनराज. आता पुन्हा पाना धरणार नाही.

लटारू

एटापल्ली
२२ जुलै

ती. भाऊजींस,
दुर्गाचा सा. न. वि. वि.

मी पहिल्यांदाच तुम्हाला लिहिते आहे, चुकलं तर समजून घ्यावं. आधी हे सांगते की आम्ही तिघंही जिवंत आहोत. तिसरी म्हणजे नुकती झालेली आमची मुलगी.

तुमचं पत्र पंधरा तारखेला मिळालं. आम्ही दहालाच निघालो होतो. नाल्याच्या कापलेल्या काठाशी पुढचं चाक खड्ड्यात लोंबलं, पण गाडी निघाली, म्हणून यांना बरंच वाटलं. पुढे उतारावर यांनी ब्रेक दाबला आणि पाय सरळ खाली गेला. खाली पुलाचा कठडा वाहून गेलेला दिसत होता. यांनी गाडी बाजूच्या धानाच्या बांधीत घातली. गाळात ती उभीच राहिली, पण यांचा डावा पाय मोडला.

बांधीत बायांची रोवणी चालू होती, त्यात बुधरी होती. ती चिखलातून धावत आली आणि तिनेच मला उतरवलं, उखळ गाळात ठेवून. एटापल्लीपर्यंत पोचायला वेळच नव्हता. पोरगी बांधावरच्या मांडवात बुधरीच्या हातात आली. आई बुधरीने आधी व्हायला हवं होतं, असं मला सारखं वाटत होतं. मग यांना आणि मला, दोघांनाही खाटेवर इथे दवाखान्यात आणलं.

तुमचं पत्र यांनी पलंगावर पडून वाचलं आणि मला म्हणाले, चुलीत घाल. गावात सगळ्यांना यांनी सांगितलं आहे की भाऊने नवे पाइप दिले होते, बसवायचे मीच विसरलो. लोक यांनाच बोलतात, हे ऐकून घेतात. आणि तुमचे आर्म बघायला येतात, कारण एवढं होऊन एकही वाकलेला नाही.

मला तुमचा राग आला होता, भाऊजी. अजून आहे. ब्रेकचा नाही, डोळा लपवला त्याचा. तुम्ही सांगितलं असतं तर यांनी गाडी तुमच्याकडेच ठेवली असती आणि बाजूला बसून तुम्हाला पाने दिले असते.

पत्र मी चुलीत घातलं. पण पाना धरणार नाही असं जे लिहिलंत, ते मी मानत नाही. रस्ता सुरू झाला आहे. खिळ्यावरचे ते दोन्ही पाइप घेऊन या. गाडीखाली तुम्हीच शिरा, बॅटरी मी धरीन. बुधरी म्हणते, लटारूभाऊजी बसवतील तर मीही गाडीत बसीन.

लोभ कमी करू नये. राग आहे तो माझा मी बघून घेईन.

तुमची,
दुर्गा